मेणबत्त्यांच्या आधीचं काम

प्रार्थनास्थळावर हल्ला झाला की संध्याकाळपर्यंत मेणबत्त्या येतात, रात्री वाहिन्यांवर चर्चा रंगतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी मृताच्या नातेवाइकापुढे माइक धरून विचारतं, ‘तुम्ही हल्लेखोराला माफ केलं का?’ त्याच वेळी शवागाराच्या दाराशी दुसराच प्रश्न अडलेला असतो. आज रात्री मृतदेहांजवळ कोण बसणार, आणि त्यांना आत सोडायचा अधिकार कुणाचा?

हल्ल्यानंतर एखादा धर्मसमाज सावरतो की आतल्या आत सडत राहतो, हे बरंचसं या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. शोक कसा करायचा याचं ज्ञान त्या समाजाकडे शेकडो वर्षांपासून असतं, पायऱ्या आणि दिवस ठरलेले असतात. सरकारी यंत्रणेचं काम त्या ज्ञानाच्या वाटेतून बाजूला होण्याचं आणि जिथे ते अपुरं पडतं तिथे उभं राहण्याचं. आपल्याकडे बहुतेकदा उलट घडतं. जिथे बाजूला व्हायचं तिथे यंत्रणा अडते आणि जिथे उभं राहायचं तिथे ती दिसत नाही.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं उदाहरण तपशिलात पाहण्यासारखं आहे. २७ ऑक्टोबर २०१८, शनिवार. स्क्विरल हिल भागातल्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, इमारतीत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी अकरा जणांना गोळ्या घालून मारलं गेलं. सगळ्यांत धाकट्याचं वय ५४, सगळ्यांत थोरल्या बाईंचं ९७. इमारत एक असली तरी तिच्यात तीन वेगळ्या मंडळ्या प्रार्थना करायच्या. ट्री ऑफ लाइफचे सात जण गेले, न्यू लाइटचे तीन आणि डोर हदाशचा एक. बातम्यांनी एकच नाव उचललं, आणि ‘आम्हीही तिथेच होतो’ हे बाकीच्या दोन मंडळ्यांना पुढे वर्षानुवर्षं सांगत राहावं लागलं. ही बारीकशी गोष्ट वाटते, पण ज्याच्या दुःखाला नावच मिळत नाही त्याला मदतीच्या यादीतही उशिरा जागा मिळते.

ज्यू धर्मशास्त्रात मृत्यू आणि दफन यांच्यामधल्या काळाला स्वतंत्र नाव आहे, अनिनूत. या काळात जवळच्या नातेवाइकाला रोजच्या प्रार्थनेतूनही सूट असते, त्याचं एकच काम, मृताला मातीपर्यंत पोचवणं. मृतदेह समोर असताना नातेवाइकाचं सांत्वन करू नये, असंही जुनं वचन आहे. म्हणजे दफन होत नाही तोवर शोक सुरूच होत नाही. दफन लांबलं की माणूस या अधांतरी अवस्थेत अडकून पडतो, आणि कितीही समुपदेशक आणून बसवले तरी तो तिथून हलत नाही.

दफनाची तयारी करणाऱ्या स्वयंसेवकांच्या मंडळीला हेव्रा कदीशा म्हणतात. मृतदेह एकटा ठेवायचा नाही, म्हणून पाळीपाळीने त्याच्याजवळ बसून स्तोत्रं वाचायची, ही शेमिरा. एरवी मृतदेह धुतात, मग नऊ काव, म्हणजे साधारण बावीस ते चोवीस लिटर पाणी धार न तोडता त्याच्यावर ओततात आणि खिसे नसलेली पांढरी साधी वस्त्रं नेसवतात. हिंसेत गेलेल्याचं मात्र वेगळं. मरताना वाहिलेलं रक्त देहाचाच भाग मानतात, म्हणून ते धुवायचं नाही. रक्ताने भिजलेले कपडे अंगावर तसेच ठेवून वरून कफन घालायचं. जमिनीवरचं, लाकडावरचं, गालिच्यावरचं रक्त कापडाने टिपायचं आणि ते कापड, तो लाकडाचा तुकडा, सगळं थडग्यात ठेवायचं.

आता ही इमारत म्हणजे केंद्रीय तपाससंस्थेच्या ताब्यातलं गुन्ह्याचं ठिकाण होतं, आणि मृतदेह कायद्याने वैद्यकीय तपासनिसाच्या ताब्यात. तरीही पिट्सबर्गमध्ये हेव्रा कदीशाचे लोक शवागाराच्या कार्यालयात पाळ्या लावून बसले. तपास संपून इमारत मोकळी झाल्यावर त्यांनी आत जाऊन रक्त टिपून गोळा केलं. मंगळवारी, ३० ऑक्टोबरला, पहिले दफनविधी झाले आणि शुक्रवारी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत शेवटचा. अकरा खून, आणि सहा दिवसांत सगळे मातीत.

हे जमलं त्यामागे कुणाचं मोठं मन नव्हतं, आधीपासूनची तयारी होती. हेव्रा कदीशा त्या दिवशी जन्माला आलेली नव्हती. ती वर्षानुवर्षं त्याच शहरात त्याच कार्यालयाशी साध्या मृत्यूंच्या निमित्ताने व्यवहार करत होती. शवागारातल्या लोकांना हे कोण आहेत, काय मागतात आणि काय मागत नाहीत, हे ठाऊक होतं. शंभर जणांच्या गर्दीतून दोघांना आत सोडायचं असेल तर ते दोघे कोण हे आधी ठरलेलं असावं लागतं.

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये हेच काम जास्त कठीण गेलं. १५ मार्च २०१९च्या जुम्म्याला अल नूर आणि लिनवुड या दोन मशिदींत गोळीबार झाला, एकूण ५१ जण गेले. त्यांत भारतीय नागरिकही होते. चोवीस तासांच्या आत दफन करायची रीत, आणि पहिलं दफन झालं बुधवारी, २० तारखेला. ओळख पटवण्याचं काम २१ तारखेला पुरं झालं. कुटुंबं संतापली ते साहजिक होतं. पण तपासनिसांची बाजूही खोटी नव्हती. इतक्या मृतदेहांत एकाच्या घरी दुसऱ्याचं प्रेत गेलं तर ती चूक आयुष्यभर निस्तरत नाही. नुसत्या चेहऱ्यावरून किंवा कपड्यांवरून ओळख पटवण्याची पद्धत सामूहिक मृत्यूत हमखास फसते, म्हणून बोटांचे ठसे, दातांच्या नोंदी, स्कॅन. खरा दोष होता तो माहितीचा. किती दिवस लागतील आणि का, हे रोज ठरलेल्या वेळी, कुटुंबांच्या भाषेत सांगणारा एक माणूस नसला की उशिराचा अर्थ अपमान असा लागतो.

धुण्याचा प्रश्न तिथेही आला, आणि तो आपल्याकडच्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने समजून घ्यावा असा आहे. अन्यायाने, शस्त्राने जागीच मारल्या गेलेल्या मुसलमानाला हनफी या धर्मशाखेच्या मताप्रमाणे शहीद धरतात. त्याला गुस्ल, म्हणजे अंत्यस्नान, देत नाहीत, रक्ताच्या कपड्यांतच दफन करतात. शाफई शाखेच्या मताप्रमाणे ही सूट फक्त रणांगणावरच्या शहिदाला, बाकीच्यांना गुस्ल द्यायचाच. महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी, पण कोकणी मुसलमान शाफई. म्हणजे मालेगावचं एक कुटुंब आणि महाडचं एक कुटुंब एकाच शवागाराबाहेर उभं असेल तर दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात, आणि दोन्ही बरोबर. ‘मुस्लिम समाजाच्या प्रतिनिधीला’ एकदा विचारून भागत नाही. घरच्यांना विचारावं लागतं.

तसंच शिखांचं. डोक्यातली गोळी शोधताना केस भादरायची गरज नसते, भांग पाडून ते बाजूला करता येतात. कडा, कंगा काढावा लागला तर पिशवीत नाव घालून ठेवायचा आणि देह परत देताना पुन्हा चढवायचा. नांदेडच्या डॉक्टरांना हे शिकवावं लागणार नाही, पण गडचिरोलीच्या डॉक्टरांना कुणी सांगितलेलं असेलच असं नाही. लिंगायतांमध्ये देह बसलेल्या स्थितीत पुरतात. शरीर ताठरल्यावर ते अवघड होतं, म्हणजे तिथे प्रत्येक तासाला किंमत आहे.

आपल्याकडची कायद्याची चौकट अशी. मरणोत्तर पंचनामा होतो, मग शवविच्छेदन, मग पावती घेऊन प्रेत ताब्यात. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायचं नाही हा इंग्रजांच्या काळापासूनचा दंडक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ नोव्हेंबर २०२१ला बदलला. पुरेसा प्रकाश आणि सोयी असतील तिथे रात्रीही परवानगी मिळाली. पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले मृतदेह आणि संशयास्पद मृत्यू यांत रात्री करायचं नाही, फक्त कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर सवलत. म्हणजे ज्या मृत्यूंबद्दल आपण इथे बोलतोय, ते नेमके अपवादात अडकतात आणि त्यांची सुटका होते ती अपवादाच्या अपवादातून. ही सवलत वापरायचा निर्णय कोण घेणार, रात्री किती डॉक्टर येणार, चित्रीकरण कोण करणार, हे संध्याकाळी सात वाजता जमाव बाहेर उभा असताना ठरवायला बसलं की सकाळ होते. चिरफाड न करता स्कॅनवरून तपासणी करण्याची सोय दिल्लीच्या एम्समध्ये २०२१मध्ये सुरू झाली. गोळी कुठून शिरली, कुठे थांबली, हे त्यातून बरंच दिसतं. प्रत्येक जिल्ह्यात ती होईल तेव्हा होईल. तोवर निदान मृतदेहांचा क्रम ठरवता येतो. ज्यांची ओळख निर्विवाद आहे आणि ज्यांच्यात दफन तातडीचं आहे, त्यांचं आधी.

यावर एक आक्षेप हमखास येतो. धर्मनिरपेक्ष सरकारने धर्माप्रमाणे वेगळी वागणूक का द्यावी? मला हा आक्षेप उथळ वाटतो. कुटुंबाला विचारणं ही सगळ्यांना दिलेली एकच वागणूक आहे, उत्तरं तेवढी वेगळी येतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, पुराव्याचा. रक्ताचे कपडे म्हणजे मुद्देमाल, ते मुंबईत कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाणार, थडग्यात कसे ठेवणार? खटला ज्यावर उभा राहायचा ती वस्तू सोडता येत नाही, हे मान्यच करायला हवं. पण सगळेच कपडे, सगळाच गालिचा, सगळीच चटई पुरावा नसते, आणि जे ठेवून घ्यावं लागतं ते पुढे परत देता येतं. थडग्याशेजारी नंतर पुरायला ज्यू शास्त्राची हरकत नाही. पिट्सबर्ग आणि क्राइस्टचर्च, दोन्हीकडे रीतीला जागा दिली म्हणून आरोपी सुटला नाही.

दफन, दहन झालं की मग दिवस सुरू होतात. ज्यूंमध्ये शिवा म्हणजे सात दिवस. घरच्यांनी बुटक्या आसनावर बसायचं, आरसे झाकायचे, दाराला कडी लावायची नाही. स्मशानातून आल्यावरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, बहुधा उकडलेली अंडी, मसूर. भेटायला येणाऱ्याने आधी बोलायचं नाही, दुखवट्यातला माणूस बोलला तर बोलायचं. आपल्याकडे दहा दिवसांचं सुतक, चूल न पेटणं, शेजारून येणारा पिठलं-भात, यात आणि त्यात फार अंतर नाही. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी बेने इस्रायली ज्यूंना, ज्यांना गाव ‘शनिवार तेली’ म्हणायचं, हे अंतर आणखी कमी वाटलं असेल. सातव्या दिवसानंतर घराबाहेर पडून गल्लीला एक फेरी मारायची. मग तीस दिवस. आई-बाप गेले असतील तर अकरा महिने कद्दिश ही प्रार्थना, आणि ती म्हणायला दहा जणांची मंडळी लागते. म्हणजे दुःखी माणसाला रोज दहा माणसांत यावंच लागतं. माणूस एकटा पडू नये याची ही तजवीज कुठल्याही सरकारी परिपत्रकापेक्षा भक्कम आहे.

यंत्रणा या दिवसांत काय करते? पिट्सबर्गमध्ये पहिले दफनविधी होते त्याच मंगळवारी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प शहरात आले. महापौर बिल पेडुटो यांनी आधी विनंती केली होती की अंत्यविधी उरकू द्या, शहराच्या पोलिसांवर दोन्हींचा ताण नको. ऐकलं गेलं नाही. स्मशानयात्रेच्या वाटा आणि ताफ्याच्या वाटा एकाच दिवशी राखाव्या लागल्या, निदर्शनं झाली ती वेगळीच. आपल्याकडच्या पुढाऱ्यांच्या ‘सांत्वनपर भेटी’ पाहणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मृतदेह घरात असताना सांत्वन नको, हे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचं वचन मंत्रालयात एका चौकटीत लावून ठेवावं.

इद्दतचंही असंच. नवरा गेलेल्या मुसलमान बाईने चार महिने दहा दिवस शक्यतो घराबाहेर पडायचं नसतं. नुकसानभरपाईची कागदपत्रं, वारस नोंद, बँकेतली सही, जबाब, हे सगळं नेमकं त्याच चार महिन्यांत येतं. ती कचेरीत आली नाही म्हणून प्रकरण पडून राहतं, किंवा दीर सही करतो आणि पैसे दिराच्या हाती जातात. इलाज साधा आहे. तलाठी आणि बँकेचा माणूस, सोबत एक महिला कर्मचारी, घरी जावी. पण तो इलाज कागदावर नसेल तर प्रत्येक वेळी कुणाच्या तरी भलेपणावर अवलंबून राहतो.

समुपदेशकांची फौज उतरवायची घाईही अशीच नडते. हादरलेल्या सगळ्यांना एकत्र बसवून लगेच ‘काय पाहिलंत ते सांगा’ असं एकाच बैठकीत बोलतं करायचं, याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, हे संशोधनातून पुरेसं स्पष्ट झालंय. जागतिक आरोग्य संघटनाही ते सुचवत नाही. पहिल्या आठवड्यात उपयोगी पडतं ते वेगळं. पाणी, झोपायला जागा, हरवलेल्या नातेवाइकाचा ठावठिकाणा, फोन चार्ज करायला प्लग, आणि शेजारी गप्प बसणारं कुणीतरी. शिवाला येणारा पाहुणा आधी बोलत नाही, त्यामागचं शहाणपण हेच. खरी मदत महिन्यानंतर लागते. तोवर पाहुणे आणि कॅमेरे परतलेले असतात, आणि झोप न लागणारा माणूस मात्र तिथेच असतो.

इतकं म्हटल्यावर परंपरेची उणीवही मोकळेपणाने सांगायला हवी, नाहीतर हा लेख नुसतं गुणगान होईल. ज्यू शास्त्रात शोक करायचं बंधन आई-वडील, मुलं, भावंडं आणि नवरा-बायको यांच्यापुरतं आहे. पण ज्याने बाकामागे लपून शेजारच्याला मरताना पाहिलं, तो कोण? तो नातेवाईक नाही, त्याला शिवा नाही, त्याच्या घरी कुणी अंडी-मसूर घेऊन जात नाही. त्याच्यासाठी आहे ती संकटातून वाचल्यावर म्हणायची आभाराची प्रार्थना, आणि आभार मानायची त्याची तयारी असेलच असं नाही. सुतकाचा हिशेबही रक्ताच्या नात्यानेच चालतो. प्रत्येक परंपरा विधवेला ओळखते, मुलाला ओळखते. साक्षीदाराला ओळखत नाही. इथे सरकारने उभं राहायचं.

दुर्दैवाने सरकारी नियमालाही हाच डोळा नाही. न्यूझीलंडमध्ये अपघातग्रस्तांना दोष न पाहता भरपाई देणारी जी योजना आहे, तिचं जगभर कौतुक होतं. पण मनाच्या इजेला ती मोजक्याच बाबतींत धरते, म्हणजे शरीराला जखम झाली असेल, लैंगिक अत्याचार झाला असेल किंवा घटना कामाच्या ठिकाणी घडली असेल तर. मशिदीत नमाजाला गेलेला, ज्याला गोळी लागली नाही पण ज्याच्या अंगावर मित्र पडून मेला, तो या चौकटीबाहेर. वाचलेल्यांनी हा मुद्दा वारंवार मांडला. आपल्या भरपाईच्या याद्यांत तर ‘मृत’, ‘गंभीर जखमी’ आणि ‘किरकोळ जखमी’ एवढेच रकाने असतात. चौथा रकाना हवा, घटनास्थळी हजर. पिट्सबर्गमध्ये हे काही अंशी साधलं. तिथल्या ज्यू फेडरेशनकडे जमलेले सुमारे ६३ लाख डॉलर एका स्वतंत्र समितीने वाटले. मोठा वाटा मृतांच्या कुटुंबांना आणि गंभीर जखमींना गेला, पण आत अडकून वाचलेल्यांना, जखमी पोलिसांना आणि तिन्ही मंडळ्यांनाही त्यात जागा होती.

पैशात चूक कुठे होते हे थोडक्यात सांगायचं तर दोन ठिकाणी. एक, पहिल्या दिवशी दहा खाती उघडली जातात आणि त्यांतली दोन बनावट निघतात. दुसरी, निकष पैसे वाटताना ठरवले जातात, म्हणजे माणसं डोळ्यांसमोर असताना. निकष आधी, नावं नंतर, वाटप एकदाच नव्हे तर टप्प्याटप्प्याने, असं असेल तर निदान शेजारी शेजाऱ्याचा वैरी होत नाही. आणि अंत्यविधीचा खर्च पहिल्या दोन दिवसांत, बाकीचा हिशेब नंतर. पिट्सबर्गला मुस्लिम संघटनांनी जमवलेले दोन लाख डॉलरहून जास्त पैसे आधी याच तातडीच्या गरजांसाठी होते.

आता तो माइक. ‘माफ केलं का?’ हा प्रश्न १९ जून २०१५पासून फार बोकाळला. अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना मारून दोनच दिवस झाले होते. न्यायालयात काही नातेवाइकांनी आरोपीला माफ केल्याचं सांगितलं. त्यांची श्रद्धा खरी होती, तिच्यावर बोट ठेवायचा अधिकार कुणाला नाही. पण देशाने त्या वाक्याचं जे केलं ते पाहण्यासारखं होतं. ज्यांचं कुणी गेलं नव्हतं त्यांना हायसं वाटलं, आणि ज्यांनी माफ केलं नाही अशा कुटुंबांकडे आपोआप कडवट म्हणून पाहिलं गेलं.

या प्रश्नामागे एका धर्माची कल्पना सगळ्या धर्मांवर लादलेली असते. ज्यू विचाराप्रमाणे ज्याच्यावर अन्याय झाला तोच माफ करू शकतो. खून झालेला माणूस ते करू शकत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला तो अधिकारच नाही. इस्लामी शास्त्रात वारसांना अधिकार आहे, शिक्षा मागायचाही आणि सोडून द्यायचाही, पण तो हक्क आहे, सक्ती नाही. शीख परंपरा अशा वेळी चढदी कला, म्हणजे मन चढं ठेवणं, आणि सरबत दा भला, म्हणजे सगळ्यांचं भलं, यांची भाषा बोलते, माफीची नव्हे. एकच प्रश्न सगळ्यांना विचारणाऱ्या पत्रकाराला हे ठाऊक नसतं, आणि उत्तर न देणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा मात्र दहा सेकंद रेंगाळतो.

समाज एकमुखी असतो ही कल्पनाही सोडायला हवी. पिट्सबर्गच्या आरोपीला फाशी मागावी की नाही, यावर तीन मंडळ्यांत आणि कुटुंबांत सरळ फूट होती. डोर हदाशने आणि न्यू लाइटच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फाशी नको असं सरकारला कळवलं, बहुसंख्य कुटुंबांना ती हवी होती. २ ऑगस्ट २०२३ला ज्यूरीने मृत्युदंडाचीच शिक्षा ठरवली. तरीही या मंडळ्या वर्षश्राद्धाला एकत्र येत राहिल्या. सावरणं म्हणजे एकमत होणं, असं कुणी समजत असेल तर त्याने हे लक्षात घ्यावं.

वास्तूचं काय करायचं याचंही एक उत्तर नाही. अल नूर मशीद आठव्या दिवशी, २३ मार्चला, उघडली. अमेरिकेतल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात ५ ऑगस्ट २०१२ला गोळीबार झाला. चौथ्या दिवशी इमारत ताब्यात मिळताच सेवादारांनी धुणं, रंगवणं सुरू केलं, पण दरबार साहिबच्या, म्हणजे मुख्य प्रार्थनागृहाच्या, चौकटीतलं गोळीचं एक भोक मुद्दाम ठेवलं, खाली ‘आपण एक आहोत’ असा लहानसा फलक लावून. पिट्सबर्गची इमारत मात्र पाच वर्षं बंद राहिली, जानेवारी २०२४मध्ये तिचा बराचसा भाग पाडला आणि डॅनिएल लिबेस्किंड या वास्तुकाराच्या आराखड्यावर नवं काम सुरू झालं. लवकर उघडणं शूर आणि उशीर करणं दुबळं, असा अर्थ लावू नये. पाच वेळच्या नमाजाला जागा लागते. लंगर बंद ठेवता येत नाही. स्क्विरल हिलमध्ये चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी सिनेगॉगं होती आणि त्यांनी दारं उघडली. घाईघाईने कोनशिला बसवायला निघालेल्या पालकमंत्र्याने आधी एवढं तरी विचारावं की इथे पुन्हा पाऊल टाकायची कुणाकुणाची तयारी आहे.

ओक क्रीकने आणखी एक गोष्ट मिळवली, आणि मला ती फलकापेक्षा मोलाची वाटते. तोवर अमेरिकेच्या द्वेषगुन्ह्यांच्या नोंदीत शिखांसाठी वेगळा रकाना नव्हता. त्या समाजाने तो मागून घेतला आणि २०१५पासून अशी नोंद होऊ लागली.

शेवटी न्यायालय. शोकाचं कॅलेंडर आणि खटल्याचं कॅलेंडर कधीच जुळत नाही. पिट्सबर्गचे लोक वर्षश्राद्ध दोन तारखांना धरतात, २७ ऑक्टोबर आणि हिब्रू पंचांगातला हेश्वानचा अठरावा दिवस. शिवाय त्या शनिवारी वाचायचा तोराह या धर्मग्रंथाचा भाग दर वर्षी परत येतो. म्हणजे वर्षातून तीनदा जखम उघडते, आणि २०२३मध्ये खटला उभा राहिला तेव्हा काही महिने रोज. तिथल्या ‘१०.२७ हीलिंग पार्टनरशिप’ या केंद्राने त्या काळात आपले लोक न्यायालयात बसवले. न्यूझीलंडमध्ये ऑगस्ट २०२०मध्ये शिक्षा सुनावताना नव्वदहून अधिक जणांनी न्यायाधीशांसमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. हल्ल्याला तेव्हा सतरा महिने झाले होते.

मालेगावच्या २००८च्या स्फोटाचा निकाल लागायला जवळपास सतरा वर्षं गेली, आणि त्याही पूर्वीच्या २००६च्या स्फोटांचं वेगळंच. ८ सप्टेंबर २००६ला शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर, हमीदिया मशिदीजवळच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले. आपल्या मृतांसाठी दुआ मागायला आलेले लोक मेले. त्या खटल्यात त्याच समाजातले नऊ जण धरले गेले, बहुतेक जण जवळपास पाच वर्षं आत राहिले आणि हयात असलेले २०१६मध्ये आरोपमुक्त झाले. २९ सप्टेंबर २००८ला भिक्कू चौकात पुन्हा स्फोट, सहा मृत्यू. त्या खटल्यातल्या सातही आरोपींना विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ला पुराव्याअभावी निर्दोष सोडलं आणि मृतांच्या वारसांना दोन लाख, जखमींना पन्नास हजार रुपये द्यायला सांगितलं. कायद्याने जे सिद्ध होत नाही त्यावर शिक्षा देता येत नाही, हे बरोबर. पण तोपर्यंत त्या घरांकडे कोण जात होतं? तारीख पडली, साक्षीदार फितूर झाला, निकाल येतोय, हे त्यांना टीव्हीवरून कळायचं की कुणी आधी दार ठोठावायचं? अशा खटल्यांसाठी सरकारी वकिलांच्या कार्यालयात कुटुंबांशी बोलायला नेमलेला एक माणूस हवा, बदली झाली तरी ज्याची जागा रिकामी राहणार नाही.

आणि त्याच माणसाकडे आणखी एक काम द्यावं. फौजदारी निकालपत्राच्या शेवटी बहुधा एक ठरीव ओळ असते, अपिलाची मुदत संपल्यावर निरुपयोगी मुद्देमाल नष्ट करावा. त्या मुद्देमालात रक्ताने कडक झालेला कुर्ता असतो, टोपी असते, जानमाजचा, म्हणजे नमाजाच्या चटईचा, तुकडा असतो, एक चप्पल असते. ठाण्याचा मुद्देमाल कारकून यादीवर टिकमार्क करून ती पोती बाहेर काढायच्या आत कुटुंबाला एक नोटीस जावी. हे तुमचं आहे, हवं असेल तर अमुक तारखेपर्यंत घेऊन जा, येता येत नसेल तर आम्ही पोचवतो.